आवळण्याआधी मोजा : जुन्या मोटारींच्या शॉक ॲब्सॉर्बरविषयी प्रस्तावना

जुनी मोटार पाहायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो, इंजिन ऐकतो, मग रंग, क्रोम आणि सीटचे चामडे पाहतो. चाकामागे वाकून चेसिसला बोल्टने बसवलेल्या तेलकट डब्याकडे, किंवा चकत्या एकावर एक रचून केलेल्या दुहेरी हाताकडे त्याची नजर क्वचितच जाते. गाडी वळणावर कशी झुकते, खड्ड्यातून बाहेर आल्यावर किती वेळ डुलत राहते, ब्रेक दाबल्यावर पुढची चाके जमीन धरून ठेवतात की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी तिथेच ठरते. शॉक ॲब्सॉर्बर तपासणे आणि जुळवणे ही स्वतंत्र विद्या आहे. तिला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, पदार्थविज्ञानाचा पक्का पाया आहे, आणि तिच्या पहिल्या पायऱ्या चढायला महागडी यंत्रे लागत नाहीत. या विद्येत नव्याने येणाऱ्याचे स्वागत करावे आणि आत काय काय आहे ते दाखवावे, म्हणून हे लिहीत आहे.

येणारे तीन वाटांनी येतात. कोणाच्या घरी आजोबांची गाडी शेडमध्ये उभी असते. कोणी गॅरेजमध्ये आयुष्य घालवलेले मिस्त्री असतात. त्यांचे हात शहाणे असतात, पण हाताला जे कळते ते आकड्यात मांडायची सवय नसते. कोणी अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतात. त्यांना समीकरण येते, पण गंजलेला नट सोडवता येत नाही. या विषयाला तिघेही हवेत. तिघांनाही मला पहिल्यांदा एकच गोष्ट सांगायची आहे : शॉक ॲब्सॉर्बर अंदाजाने आवळू नका. आधी तो मोजा, आणि मोजण्यापूर्वी त्याची जात ओळखा.

कमान, म्हणजे पाट्यांची स्प्रिंग, धक्का पोटात घेते, पण तो परतही करते. खड्ड्यात दाबले गेलेले पाटे साठवलेली ऊर्जा गाडीला वर फेकण्यात खर्च करतात, गाडी वर गेली की पुन्हा खाली येते, आणि कोणी अडवले नाही तर हे बराच वेळ चालते. ती ऊर्जा उष्णतेत बदलून संपवणे, म्हणजेच अवमंदन, हे शॉक ॲब्सॉर्बरचे काम. उदाहरणासाठी एका चाकावर २५० किलो भार धरू, आणि कमान एक मिलिमीटर दबायला २० न्यूटन, म्हणजे साधारण दोन किलोचे बळ लागते असे मानू. असा कोपरा दाबून सोडला तर तो सेकंदाला सुमारे १.४ वेळा खालीवर होतो. गाडी एकदाही पलीकडे न जाता थेट जागेवर यावी इतके अवमंदन दिले तर त्याला गुणोत्तर १ म्हणतात. प्रवासी गाडीला ते साधारण ०.२ ते ०.४ असावे लागते. त्याहून कमी असेल तर गाडी डुलते; फार जास्त असेल तर कमान असून नसल्यासारखी होते आणि प्रत्येक धक्का थेट चेसिसमध्ये शिरतो.

सुरुवातीच्या मोटारींना वेगळा शॉक ॲब्सॉर्बर नव्हताच. कमानीचे पाटे एकमेकांवर घासत, त्या घर्षणात काही ऊर्जा जिरे, आणि घोडागाडीच्या वेगाला ते पुरत असे. वेग वाढला तसे ते अपुरे पडले. फ्रान्समध्ये त्रुफो याने सायकलसाठी बनवलेली घर्षणाची युक्ती एडवर्ड हार्टफर्ड या अमेरिकन माणसाने उचलली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत ती मोटारींवर आणली. दोन हात, त्यांच्या सांध्यात चकत्यांचा थर, आणि मधला नट आवळला की वाढणारा दाब, एवढीच तिची रचना. इंग्लंडमध्ये आंद्रे कंपनीने ती बनवली. बुगाटीच्या टाइप ३५ पासून चिमुकल्या ऑस्टिन सेव्हनपर्यंत कितीतरी गाड्या घर्षणाच्या शॉक ॲब्सॉर्बरवर धावल्या. पुढे तर चालकाला डॅशबोर्डवरूनच चकत्यांवरचा दाब कमीजास्त करता येईल, अशी टेलिकंट्रोल नावाची सोयही आंद्रेने दिली.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये क्लॉड फॉस्टर याने गॅब्रिएल स्नबर काढला. त्यात गुंडाळलेला पट्टा असे. कमान दबताना तो सैल राही आणि उसळी परत येताना अडवी. याच नावाचा वारसा घेऊन १९६१ मध्ये मुंबईच्या मुलुंडमध्ये गॅब्रिएल इंडियाचा कारखाना उभा राहिला. म्हणून आपल्याकडच्या कित्येक गॅरेजांत हे नाव घरातल्यासारखे घेतले जाते. तेलाचा मार्ग दाखवला तो फ्रान्सच्या मोरिस हुदाय याने. बंद डब्यात पाते फिरते आणि तेल बारीक वाटेने एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात ढकलले जाते, ही त्याची कल्पना. १९२८ पासूनच्या फोर्ड मॉडेल ए वर हुदायचे शॉक ॲब्सॉर्बर आले, तेही दोन्ही दिशांना रोखणारे आणि सुईच्या झडपेने जुळवता येणारे. सामान्य माणसाच्या गाडीला अशी सोय मिळणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

आता जात ओळखण्याकडे वळतो. या विषयाचा गाभा तिथे आहे, म्हणून तिथे थोडा जास्त वेळ थांबणार आहे.

घर्षणाच्या शॉक ॲब्सॉर्बरचे बळ वेगावर अवलंबून नसते. चाक हळू हलो वा जोरात, चकत्या साधारण तेवढ्याच बळाने रोखतात. उलट, स्थिर असताना त्या किंचित जास्तच चिकटून बसतात. याचे दोन परिणाम होतात. पहिला : डुलणे समान पावलांनी कमी होते. वरच्या उदाहरणातल्या कोपऱ्यावर एकूण घर्षण १५० न्यूटन असेल, तर प्रत्येक पूर्ण हेलकाव्यात ३० मिलिमीटर कमी होतात. ९० चे ६०, ६० चे ३०, आणि मग गाडी थांबते. दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा : जिथे कमानीचे बळ घर्षणाहून कमी पडते, त्या पट्ट्यात गाडी कुठेही थांबू शकते. आपल्या उदाहरणात हा पट्टा मध्यापासून वर साडेसात आणि खाली साडेसात मिलिमीटर आहे. त्याहून लहान खडबडीवर कमान हलतच नाही, गाडी नुसत्या टायरवर चालते. जुन्या गाडीत बसून दगडी रस्त्यावर दात वाजतात त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते, आणि मालक मात्र ‘कमान कडक झाली’ म्हणत नवे पाटे करायला निघतो.

तेलाची गोष्ट उलटी आहे. तेलाचा विरोध वेगाबरोबर वाढतो. हळू हालचालीला तो मऊ असतो, जोराच्या हालचालीला कडक, आणि फारच जोर आला तर झडप उघडून दाब सोडून देतो. डुलणेही समान पावलांनी नव्हे, तर समान प्रमाणात घटते. गुणोत्तर ०.३ असेल तर ५० मिलिमीटरची उसळी पुढच्या खेपेला सुमारे ७ उरते. तेल गळून गेल्यामुळे गुणोत्तर ०.१ वर आले असेल तर ५० चे २७ आणि २७ चे १४ होतात. मोबाइलवर संथगतीचे चित्रण करता येते. मडगार्डवर एक खूण करा, शेजारी पट्टी उभी धरा, गाडी दाबून सोडा, आणि चित्रणातली शिखरे एकामागून एक लिहून काढा. उतरण सरळ रेषेत येते की वक्र, यावरून घर्षण किती आणि तेल किती, याचा पहिला अंदाज मिळतो.

घर्षण मोजण्याची मला सर्वांत आवडणारी पद्धत तर नुसत्या मोजपट्टीची आहे. गाडी सपाट जागी उभी करा. एक कोपरा हाताने खाली दाबा आणि अलगद, हळूहळू वर येऊ द्या. ॲक्सलपासून चेसिसपर्यंतचे अंतर मोजा. मग तोच कोपरा वर उचला आणि तसाच अलगद खाली बसू द्या, पुन्हा मोजा. दोन्ही अंतरांत जो फरक पडतो त्याच्या निम्म्याला कमानीच्या ताठपणाने गुणले की त्या कोपऱ्यावरचे एकूण घर्षण मिळते. फरक १५ मिलिमीटर आला तर आपल्या उदाहरणात ते १५० न्यूटन. आता शॉक ॲब्सॉर्बरचा हात ॲक्सलवरून सोडवा आणि तीच मोजणी पुन्हा करा. या वेळी फरक ६ आला, तर ६० न्यूटन पाट्यांचे आणि ९० शॉक ॲब्सॉर्बरचे. अंतर मडगार्डपर्यंत न मोजता ॲक्सलपासून मोजायचे, कारण तसे केले नाही तर टायरचे दबणे हिशेबात घुसते.

हात सोडवलेलाच असतो, तर ताणकाटाही लावून घ्यावा. काटा हाताच्या टोकाला अडकवून काटकोनात ओढा. हात हलू लागतो त्या क्षणीचा आकडा वेगळा लिहा, हात संथपणे फिरत असतानाचा वेगळा लिहा. हात २० सेंटिमीटरचा आणि काट्यावर १० किलो असतील, तर सांध्यावर सुमारे २० न्यूटन-मीटर पीळ आहे. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर चकत्यांवर गंज, चिकटा किंवा ओल आहे. अशा वेळी नट सैल करून काहीच साधत नाही. सांधा उघडून चकत्या साफ कराव्या किंवा बदलाव्या लागतात. लाकडाच्या, चामड्याच्या किंवा ब्रेक लायनिंगसारख्या कापडी, चकत्या किती प्रकारच्या असतात! त्या कोरड्या ठेवायच्या की तेलकट, हे त्या बनावटीच्या मूळ पुस्तिकेतच पाहावे. मग नट थोडा थोडा आवळत डावी आणि उजवी बाजू समान आकड्यावर आणायची. डायलवरचा काटा दोन्हीकडे सारखा दिसतो म्हणून पीळ सारखा असतो असे नाही. ही समजूत मी फार ठिकाणी पाहिली आहे, आणि ती धोक्याची आहे, कारण असमान पुढच्या जोडीवर ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते.

१९३० च्या दशकानंतर ब्रिटिश गाड्यांत आर्मस्ट्राँग, लुव्हॅक्स, गर्लिंग यांचे हाताचे, पिस्टनवाले तेलाचे शॉक ॲब्सॉर्बर सर्रास आले. एमजीबीने ते थेट १९८० पर्यंत वापरले. आपल्याकडच्या ब्रिटिश वंशाच्या जुन्या गाड्या हाताळणाऱ्याला हीच जात जास्त भेटते. तपासणी अशी : दुवा सोडवून हात टोकापासून टोकापर्यंत संथ लयीत फिरवा. विरोध सगळीकडे एकसारखा आणि ओलसर जाणवला पाहिजे. मध्येच हात एकदम सैल पडला तर आत हवा आहे किंवा तेल कमी आहे. एकाच दिशेला सैल असेल तर त्या बाजूची झडप बसत नाही. हाताला ठरावीक वजन टांगून तो खाली यायला किती सेकंद लागतात हे दोन्ही बाजूंना मोजले, तर तुलना आकड्यात होते. टोपण उघडण्यापूर्वी आजूबाजूचा चिखल ब्रशने आणि केरोसीनने पूर्ण काढा. आत गेलेला वाळूचा एक कण झडपेखाली बसला की सगळी मेहनत वाया जाते. मॉरिस मायनर किंवा एमजीबीच्या पुढच्या चाकांना मात्र शॉक ॲब्सॉर्बरचा हात हाच सस्पेन्शनचा वरचा दुवा असतो. तिथे खालच्या हाताला भक्कम आधार दिल्याशिवाय तो सोडवू नये. स्प्रिंगमध्ये साठलेले बळ माणसाचा हात मोडू शकते. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीही वाकू नका, स्टँड लावाच.

तेलाबद्दल आपल्या गॅरेजांत फार ढिलाई आहे. जे हाताशी असेल ते ओतले जाते. आर्मस्ट्राँगसाठी त्यांचे खास पातळ तेल सांगितले होते, ते न मिळाल्यास साधारण एसएई २० दर्जाचे खनिज तेल चालते; फोर्ड मॉडेल ए च्या हुदायमध्ये ग्लिसरिन असे. ब्रेक ऑइल यातल्या कशातही घालू नये. गिअरबॉक्सचे जाड तेल घालून ‘कडक’ केलेला शॉक ॲब्सॉर्बर थंड सकाळी चाक धरून ठेवतो, आणि तासभर चालवल्यावर वेगळाच वागतो. तेलाच्या घट्टपणावर जुळवणी करायची झाली तरी एकेका पायरीने करावी, आणि मोजणी गाडी वीसेक किलोमीटर चालवून गरम झाल्यावर करावी.

नळीच्या, म्हणजे टेलिस्कोपिक शॉक ॲब्सॉर्बरवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थोडक्यात. दुहेरी नळीचा असेल तर बसवण्यापूर्वी उभा धरून पाचसहा वेळा पूर्ण ताणावा आणि दाबावा, म्हणजे आतली हवा वर निघते. जुळवता येणाऱ्या जुन्या ‘कोनी’ बनावटीच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये दांडा पूर्ण दाबून आतली खाच पकडायची आणि फिरवायचे असते. ही सोय मुळात झीज भरून काढण्यासाठी होती, हे विसरून लोक ती शेवटपर्यंत आवळतात. वायूच्या दाबाचा एकनळी प्रकार फ्रान्सच्या द कार्बोंचा. १९५० च्या दशकात बिलस्टाइनने तो पुढे नेला.

यंत्रांकडेही पाहू. शॉक ॲब्सॉर्बरच्या डायनॅमोमीटरवर तो ठरावीक लांबीने खालीवर केला जातो आणि प्रत्येक क्षणी बळ नोंदवले जाते. १०० मिलिमीटरची फेक आणि मिनिटाला १०० फेऱ्या असतील तर मधल्या बिंदूवर वेग सेकंदाला ०.५२४ मीटर होतो. घर्षणाचा शॉक ॲब्सॉर्बर कागदावर जवळजवळ आयत काढतो, आदर्श तेलाचा लंबवर्तुळ काढतो, आणि त्या आकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे एका फेरीत उष्णता झालेली ऊर्जा. एखादा कोपरा चेपलेला दिसला की तिथे हवा आहे किंवा झडप उशिरा बसते आहे, हे अनुभवी डोळा लगेच वाचतो. विद्यार्थ्यांनी हा आलेख वाचायला जरूर शिकावे. काही तपासणी केंद्रांत युसामा पद्धतीचा थरथरणारा पाट असतो. चाक त्यावर ठेवून सेकंदाला २५ कंपनांपर्यंत हलवतात आणि जमिनीवरचा दाब किती टक्के टिकतो ते पाहतात. आधुनिक गाडीला ही चाचणी उपयोगी आहे. घर्षणाच्या जुन्या गाडीला मात्र ती लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे चकत्या चाकाला धरून ठेवतात, टायर अरुंद आणि ॲक्सल जड असतो, आणि जो आकडा येतो तो शॉक ॲब्सॉर्बरबद्दल फारसे काही सांगत नाही.

कामाचा क्रम सांगणे राहिले. आधी टायरचा दाब, मग पाट्यांची सफाई आणि ग्रीस, मग शॅकलच्या पिना आणि बुश, मग शॉक ॲब्सॉर्बरच्या दुव्यांचे रबर, आणि सर्वांत शेवटी जुळवणी. दुव्यात तीन मिलिमीटर खेळ असेल तर पहिल्या तीन मिलिमीटरला शॉक ॲब्सॉर्बर कामावरच येत नाही. गंजलेल्या पाट्यांच्या घर्षणावर जुळवलेला आकडा पाट्यांना ग्रीस लागताच खोटा ठरतो. आणि काही दोष जुळवणीने जातच नाहीत. रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅकमध्ये गेलेल्या मोरिस ऑली यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वजने हलवता येतील अशी गाडी बांधून दाखवून दिले की पुढची कमान मागच्यापेक्षा मऊ असेल तर गाडी घोड्यासारखी पुढेमागे झुलत नाही. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या कमानी ताठ आहेत. ते झुलणे शॉक ॲब्सॉर्बर आवळून मारायला जाणारा माणूस गाडीचे एक दुखणे दाबून दुसरे उभे करतो.

एक वाद या क्षेत्रात नेहमी चालतो : मूळ शॉक ॲब्सॉर्बर काढून तिथे नळीचा बसवावा का? माझे उत्तर सहसा नकाराचे आहे. नळीसाठी चेसिसला नवे ब्रॅकेट लागतात, आणि ज्या जागी चेसिसवर ते बळ येईल ती जागा त्यासाठी घडवलेली नसते. ‘फिवा’ या जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाच्या २०१२ च्या ट्युरिन सनदेचा आग्रहही हाच आहे की जुन्या वाहनावरचे काम कमीत कमी, नोंदवलेले आणि शक्यतो परत फिरवता येईल असे असावे. भारतात २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. तीही गाडी मूळ रूपात असली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसला तरच. नीट दुरुस्त केलेला हार्टफर्ड किंवा आर्मस्ट्राँग त्या गाडीच्या त्या काळच्या वेगाला पुरतो. तो पुरत नाही असे जे म्हणतात त्यांपैकी बहुतेकांनी तो कधी मोजलेलाच नसतो.

शेवटी वाचकांना एक विनंती. मोजलेले आकडे लिहून ठेवा : गाडी, वर्ष, कमानीच्या पाट्यांची संख्या, टायरचा दाब, हवेचे तापमान, हात हलू लागतानाचा आकडा, फिरत असतानाचा आकडा, डावा, उजवा. आवळण्यापूर्वीचे लिहा आणि आवळल्यानंतरचेही लिहा. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या अशा नोंदी मिस्त्र्यांच्या डोक्यात आहेत, कागदावर फार थोड्या आहेत. तुमच्या ओळखीत असे कोणी वयोवृद्ध मिस्त्री असतील, तर वही आणि ताणकाटा घेऊन त्यांच्याकडे जा, आणि त्यांच्या हाताला जो विरोध ‘बरोबर’ वाटतो तो किती किलोचा आहे, हे त्यांच्यासमोर मोजून घ्या.